तान्ह्या बाळांच्या रक्तातील दुर्मीळ बुरशी : निदान कुठवर आले आहे?

चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या बालरोग विभागात एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या २३ महिन्यांत ३७९ नवजात आणि लहान मुलांच्या रक्तात एकाच जातीची बुरशी सापडली. पिकिया अनोमला हे तिचे तेव्हाचे नाव. त्याच्या दहा वर्षे आधी लिव्हरपूलच्या एका नवजात कक्षात तिचा लहानसा उद्रेक झाला होता. त्यावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. चंडीगडचा उद्रेक मात्र मोठा होता. मुदतपूर्व बाळांच्या कक्षातून ही बुरशी दुसऱ्या नवजात कक्षात, तिथून बालरोगाच्या आपत्कालीन आणि अतिदक्षता विभागांत पसरली. कर्मचाऱ्यांना आणि बाळांजवळ थांबणाऱ्या आयांना हात नीट निर्जंतुक करायला शिकवले गेले, जोखमीच्या बाळांना निस्टाटिन किंवा फ्लुकोनॅझोल प्रतिबंधक म्हणून सुरू केले गेले, तेव्हा कुठे उद्रेक आटोक्यात आला.

हा उद्रेक दिसू शकला याचे एक कारण असे, की तिथल्या प्रयोगशाळेने रक्तात आलेल्या यीस्टचे नाव जातीपर्यंत नेले होते. 'यीस्ट आढळले' किंवा 'अल्बिकन्स नसलेली कॅन्डिडा' एवढ्यावर अहवाल थांबला असता, तर ही शेकडो बाळे कॅन्डिडाच्या नेहमीच्या आकड्यांत मिसळून गेली असती. आज पाव शतकानंतर हातात कितीतरी नवी यंत्रे आहेत. तरीही बाळाच्या रक्तातल्या अनोळखी बुरशीचे निदान वेळेत आणि अचूक कसे करावे, यावर एकमत नाही.

दुर्मीळ कशाला म्हणायचे

रक्तात सापडणाऱ्या यीस्टपैकी बहुसंख्य कॅन्डिडाच्या पाच जातींतली असतात: अल्बिकन्स, पॅराप्सिलोसिस, ट्रॉपिकॅलिस, ग्लॅब्राटा आणि क्रुसाय. उरलेल्यांना ढोबळमानाने दुर्मीळ म्हटले जाते. युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय बुरशीशास्त्र संघटनांनी २०२१ मध्ये दुर्मीळ यीस्टसाठी जागतिक मार्गदर्शिका काढली. तीत कोडामिया, मॅलॅसेझिया, रोडोटोरुला, सॅकरोमायसिस, ट्रायकोस्पोरॉन, जिओट्रिकम, स्यूडोझायमा अशी कुळे येतात. नवजात कक्षांच्या अनुभवातून या यादीत विकरहॅमोमायसिस (चंडीगडच्या पिकिया अनोमलाचे हेच आजचे नाव), लॉडेरोमायसिस, सायबरलिंडनेरा आणि कॅन्डिडाच्या काही आडवळणाच्या जातींची भर घालावी लागते. ॲस्परजिलससारख्या तंतुमय बुरशी रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच उगवतात. त्यांच्या निदानाचा रस्ता वेगळा असल्याने त्या या आढाव्यात नाहीत.

दुर्मीळपणा देश आणि काळ पाहून बदलतो. कॅन्डिडा ऑरिसचे पहिले वर्णन २००९ मधले, जपानमधल्या एका वृद्धेच्या कानातून मिळालेल्या नमुन्यावरचे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील नवजातांच्या 'निओऑब्स' अभ्यासात आठ देशांतल्या १४ रुग्णालयांतून आक्रमक कॅन्डिडा संसर्गाची १२७ बाळे नोंदली गेली. त्यांतल्या १४ टक्क्यांत ऑरिस होती, म्हणजे अल्बिकन्स आणि पॅराप्सिलोसिसच्या पाठोपाठ तिसरा क्रमांक. त्या अभ्यासाच्या दहा-बारा वर्षे आधी नाव नसलेली बुरशी काही नवजात कक्षांत नेहमीची झाली.

या बुरशी बाळाच्या रक्तापर्यंत पोहोचण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. मॅलॅसेझिया आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असते आणि स्निग्ध पदार्थांवर जगते. तोंडाने दूध न पचणाऱ्या बाळाला शिरेवाटे चरबीचे द्रावण देतात, तेव्हा नळीत तिची चंगळ होते. दीर्घकाळ असे द्रावण चाललेल्या एका बाळाच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत ती सापडल्याचे १९८१ मध्येच नोंदले गेले. तिचीच एक बहीण, मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस, मुळात कुत्र्यांच्या कातडीवर राहते. अमेरिकेतल्या एका नवजात कक्षात ती १५ बाळांमध्ये आढळली. कर्मचाऱ्यांच्या घरच्या पाळीव कुत्र्यांकडून त्यांच्या हातांवाटे ती कक्षात आली असावी, असा १९९८ चा निष्कर्ष आहे. सॅकरोमायसिस बोलार्डी तर आपणच औषध म्हणून देतो. जुलाबांवरच्या प्रोबायोटिक पुड्यांत ती जिवंत असते, आणि मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णाजवळ पुडी फोडली की हातांवाटे किंवा हवेवाटे ती नळीपर्यंत जाऊ शकते. युरोपीय औषध यंत्रणेने २०१७ नंतर अशा रुग्णांना ती देऊ नये असा इशारा दिला. स्यूडोझायमा ॲफिडिसचे गोत्र आणखी वेगळे. आपल्या शेतकऱ्यांना ज्वारीवरची काणी माहीत असते; ही त्या काणीच्या बुरशींच्या गणातली, वनस्पतींवर राहणारी. नवजाताच्या रक्तात ती सापडल्याची पहिली नोंद २०१४ मध्ये भारतातूनच प्रसिद्ध झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याच्या १९ बुरशींची यादी जाहीर केली. ऑरिस आणि अल्बिकन्स तिच्या सर्वात वरच्या गटात आहेत. मॅलॅसेझिया, ट्रायकोस्पोरॉन, कोडामिया, विकरहॅमोमायसिस या यादीत नाहीत. सर्व वयांचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे, पण नवजात कक्षापुरती यादी केली असती तर ती अशीच झाली असती का, याबद्दल मला शंका आहे.

थेंबांचा हिशेब

बाळांचे निदान अवघड होण्याचे पहिले कारण रक्ताचे प्रमाण. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून ८० ते १०० मिलिलिटर रक्त असते. प्रौढात कॅन्डिडाच्या शोधासाठी ४० ते ६० मिलिलिटर रक्त घ्यावे, असे युरोपीय मार्गदर्शिका २०१२ पासून सांगते. दोन किलोखालच्या बाळासाठी तिने २ ते ४ मिलिलिटर सुचवले आहे. एक किलोच्या बाळातून चार मिलिलिटर घेणे म्हणजे त्याच्या एकूण रक्ताचा विसावा ते पंचविसावा हिस्सा घेणे. आधीच रोजच्या तपासण्यांनी फिकट पडलेल्या बाळातून एवढे रक्त काढायला परिचारिकेचा हात धजत नाही, आणि प्रत्यक्षात बाटलीत बरेचदा एक मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी जाते. बुरशीचे प्रमाण मिलिलिटरमागे एक पेशी किंवा त्याहून कमी असेल, तर बाटलीत एकही पेशी न उतरण्याची शक्यता मोठी असते. मग बाटली कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

आक्रमक कॅन्डिडा संसर्गात रक्ताचे कल्चर सुमारे निम्म्याच रुग्णांत बुरशी दाखवते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. २०१३ मध्ये क्लॅन्सी आणि न्युयेन यांनी या 'हरवलेल्या ५० टक्क्यां'वर लिहिलेला लेख पुढच्या वादाचा आधार ठरला. नवजातांत परिस्थिती आणखी बिकट दिसते. कॅन्डिडाच्या मेंदूज्वराच्या बाळांवरील २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक बाळांचे रक्त कल्चर कोरेच होते, आणि पाठीच्या पाण्यातल्या पेशी व साखरही अनेकदा सर्वसाधारण मर्यादेत होती.

लक्षणांचाही आधार नाही. श्वास थांबणे, दूध न पचणे, तापमान खालीवर होणे, साखर वाढणे, प्लेटलेट घसरणे, हे सगळे जिवाणूंच्या संसर्गातही तसेच दिसते. प्लेटलेटची घसरण बुरशीकडे बोट दाखवते असे नवजाततज्ज्ञ मानतात. संशयाला ती पुरते, पुराव्याला पुरत नाही.

तिसरी अडचण वेळेची. कॅन्डिडाच्या बाटलीने यंत्रावर इशारा द्यायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात, काही जातींना अधिक. मॅलॅसेझियाचे आणखी वेगळे. बाटलीत ती वाढली तरी नेहमीच्या माध्यमावर तिची वसाहत उमटत नाही. ऑलिव्ह तेलाचा थर दिलेले किंवा मुद्दाम चरबी मिसळलेले माध्यम लागते, आणि ते लावायचे तर तंत्रज्ञाच्या मनात आधी शंका यावी लागते. इशारा आलेल्या बाटलीतून काचपट्टीवर बाटलीच्या आकाराचे, रुंद बुडाने फुटणारे यीस्ट दिसले आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी राहिली, तर ते कोरेपण हीच खूण असते. ती वाचली न गेल्याने किती बाळांचे अहवाल 'वाढ नाही' म्हणून गेले असतील, याचा हिशेब लागणार नाही.

बुरशी मिळाली, नाव चुकले

गेल्या दीड दशकात या विषयातले सर्वात मोठे धडे इथे मिळाले. दक्षिण कोरियात २०११ मध्ये ऑरिसच्या रक्तसंसर्गाचे पहिले रुग्ण नोंदले गेले. त्यांतला एक नमुना १९९६ मध्ये एका वर्षाच्या मुलीच्या रक्तातून घेऊन जपून ठेवलेला होता. म्हणजे 'नवी' बुरशी नाव मिळण्याच्या १३ वर्षे आधी एका तान्ह्या मुलीच्या रक्तात होती. दिल्लीहून २०१३ मध्ये अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णालयांतल्या ऑरिसच्या १२ रुग्णांचा अहवाल दिला. रुग्णालयांत प्रचलित असलेली स्वयंचलित ओळखयंत्रे ऑरिसला कॅन्डिडा हेमुलोनाय म्हणत होती, जुने संच तिला कॅन्डिडा साके किंवा रोडोटोरुला ठरवत होते. रोडोटोरुलाची वसाहत गुलाबी-केशरी असते, ऑरिसची नसते. संचाने रोडोटोरुला म्हटले आणि प्लेटवर रंग नाही, एवढ्यावर तंत्रज्ञाने थबकायला हवे होते. पुढे हीच विसंगती ऑरिस ओळखण्याच्या अधिकृत सूचनांत शिरली.

जैवरासायनिक संच असो वा प्रथिनांचा आलेख वाचणारे माल्डी-टॉफ, यंत्राची ओळख ही ओळखपरेडसारखी असते. रांगेत जे उभे केलेत त्यांतलाच कोणीतरी निवडला जातो, आणि खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी कोणाच्या तरी खांद्यावर हात पडतो. माल्डी-टॉफने काम मिनिटांवर आणले यात वाद नाही. पण त्याचा आलेखसंग्रह जुना असेल तर तेही चुकते किंवा 'ओळख नाही' म्हणते. यांतले दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा प्रामाणिक. सायबरलिंडनेरा फॅबियानीला जुनी यंत्रे कॅन्डिडा युटिलिस म्हणत. लॉडेरोमायसिस एलाँगिस्पोरस अनेक वर्षे पॅराप्सिलोसिसच्या नावाखाली दडून राहिली. कॅन्डिडा ब्लँकायचा नवजातांमधला समूह दिल्लीहून २०२० मध्ये नोंदला गेला, तेव्हा जनुकीय अनुक्रम वाचूनच ओळख पक्की झाली. रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस पट्टा आणि २८एस जनुकाचा डी१-डी२ भाग वाचणे ही आजही अंतिम कसोटी मानली जाते.

नाव चुकले तर औषध चुकू शकते. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन या गटाची औषधे ट्रायकोस्पोरॉन, रोडोटोरुला, मॅलॅसेझिया यांवर चालत नाहीत. रोडोटोरुलावर फ्लुकोनॅझोलही चालत नाही, आणि ऑरिसचे बहुतेक वाण त्याला दाद देत नाहीत. मॅलॅसेझियात तर औषधाइतकेच महत्त्व नळी काढण्याला आणि चरबीचे द्रावण थांबवण्याला आहे. अहवालात फक्त 'यीस्ट' लिहिले असेल तर यातले काही ठरवता येत नाही.

याच संदर्भात साध्या चाचण्यांचा एक पक्ष आहे, आणि त्याची बाजू नीट मांडली जात नाही असे मला वाटते. युरिएज चाचणीला फारसा खर्च नाही. ट्रायकोस्पोरॉन, रोडोटोरुला, मॅलॅसेझिया तीत होकार देतात, कॅन्डिडाच्या नेहमीच्या जाती सहसा देत नाहीत. म्हणजे कॅस्पोफंजिन गटाचे औषध सुरू करण्याआधी एक मोलाचा इशारा काही तासांत किंवा एका रात्रीत मिळू शकतो. रंग दाखवणाऱ्या माध्यमावर कोडामिया ओमेरीची वसाहत आधी गुलाबी असते आणि दोन दिवसांत निळसर होते. त्याच माध्यमावर दोन जातींचा मिश्र संसर्गही डोळ्यांना दिसतो. कॉर्नमील अगारवरचे तंतू आणि बीजाणू पाहणे आता जुने झाले, पण यंत्राचे उत्तर खरे वाटते का, हे तपासायला अजून कामाचे आहे. या पक्षाचे म्हणणे असे, की दुर्मीळ बुरशी पकडायची तर आधी शंका घेणारे डोळे हवेत. विरोधी बाजू म्हणते, असे डोळे घडायला वर्षे लागतात, प्रत्येक जिल्ह्यात ते मिळणार नाहीत, आणि यंत्राचा संग्रह मात्र एका दिवसात सगळीकडे अद्ययावत करता येतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

कल्चरची वाट न पाहता

हरवलेले निम्मे रुग्ण शोधण्यासाठी कल्चरशिवायच्या चाचण्या पुढे आल्या. बीटा-डी-ग्लुकन हा अनेक बुरशींच्या भिंतीतला घटक रक्तात मोजता येतो. बाळांसाठी त्याचे आकर्षण उघड आहे, कारण चाचणीला सीरमचे मोजके थेंब पुरतात. अडचण कुठे रेघ मारायची याची. प्रौढांत मिलिलिटरला ८० पिकोग्रॅमला होकारार्थी धरतात. संसर्ग नसलेल्या नवजातांतही पातळी याहून वर जाऊ शकते, म्हणून नवजातांसाठी १२० ते १२५ ची रेघ सुचवली गेली. तिने खोटे होकार घटतात, पण संपत नाहीत. रक्त चढवणे, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, शस्त्रक्रियेतले गॉज, काही जिवाणूंचा संसर्ग यांनीही आकडा वाढतो, आणि ज्या बाळात बुरशीची शंका येते त्याच बाळाला यातले बरेच काही मिळालेले असते. म्हणून अनेकांचा कल असा, की ही चाचणी बुरशी आहे हे ठरवायला कमी आणि ती नाही म्हणून औषध थांबवायला अधिक वापरावी. शिवाय आकडा कितीही असो, बुरशी कोणती हे तो सांगत नाही.

टी२ कॅन्डिडा ही चाचणी थेट रक्तातून, कल्चरविना, तीन ते पाच तासांत उत्तर देते. २०१४ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. मिलिलिटरमागे एखादी पेशी असली तरी ती पकडू शकते, पण तिला रक्त अधिक लागते आणि ती फक्त नेहमीच्या पाच जाती शोधते. बाटलीने इशारा दिल्यावर तासाभरात जनुकीय ओळख देणाऱ्या एका प्रचलित संचात कॅन्डिडाच्या सहा जाती (त्यात ऑरिस आली) आणि क्रिप्टोकॉकस आहेत. या दोन्ही चाचण्यांत विकरहॅमोमायसिस, कोडामिया, मॅलॅसेझिया, ट्रायकोस्पोरॉन नाहीत. त्यामुळे संचाने 'नाही' म्हटले तर 'ठरलेल्या जातींपैकी काही नाही' एवढाच अर्थ घ्यावा लागतो. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरला रात्री दोन वाजता हा फरक लक्षात राहील का, हा व्यवहारातला प्रश्न आहे.

समर्थकांचे उत्तर असे, की बहुसंख्य बाळांत त्या पाच-सहा जातीच असतात, आणि त्यांचे निदान दोन दिवस लवकर झाले तर वाचणाऱ्या जिवांची संख्या दुर्मीळ जातींच्या एकूण संख्येपेक्षा मोठी असेल. हे गणित टाळता येत नाही. पण ते ज्या देशांतल्या आकडेवारीवर बेतले आहे, तिथे दुर्मीळ जातींचे उद्रेक फारसे होत नाहीत. जिथे होतात तिथे हे संच परवडत नाहीत. सर्व बुरशींचा सामायिक जनुकपट्टा शोधणाऱ्या चाचण्या, आणि रक्तातले सगळे जनुकीय तुकडे वाचणारी मेटाजेनोमिक पद्धत, या दोहोंत तत्त्वतः कोणतीही बुरशी सापडू शकते. मात्र बुरशीची भिंत फोडून जनुकद्रव्य बाहेर काढणे कठीण, नमुन्यात हवेतल्या किंवा रसायनांतल्या बुरशीचे अंश मिसळणे सोपे, आणि नवजातांत या पद्धतींचा अनुभव तुरळक आहे.

थांबायचे की सुरू करायचे

निदान उशिरा येते म्हणून उपचार आधी सुरू करावा का, यावर नवजाततज्ज्ञांत दोन बाजू आहेत. सुरू करावा म्हणणाऱ्यांकडे भक्कम आकडे आहेत. अमेरिकेतल्या एक किलोखालच्या ४,५७९ बाळांच्या २००६ च्या अभ्यासात ७ टक्के बाळांना कॅन्डिडाचा संसर्ग झाला, आणि त्यांतली ७३ टक्के बाळे दगावली किंवा दीड-दोन वर्षांच्या वयात मेंदूच्या वाढीतले दोष घेऊन जगली. हानी इतकी मोठी असेल तर एका अहवालासाठी थांबणे परवडत नाही. त्याच संशोधकांनी गर्भवय, प्लेटलेटची घसरण आणि आधीच्या आठवड्यातली तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन किंवा कार्बापेनेम औषधे यांवरून जोखीम सांगणारी पद्धत मांडली होती.

सावध राहा म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे आहेत. एक, सर्वांना औषध दिल्याने कमी दाद देणाऱ्या जातींना जागा मोकळी होते. फ्लुकोनॅझोलच्या प्रतिबंधक मात्रेवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५० ग्रॅमखालच्या बाळांवरील चाचणीत आक्रमक कॅन्डिडा ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला, पण मृत्यू आणि कॅन्डिडा मिळून जे मोजले होते त्यात ठोस फरक दिसला नाही. दुसरा मुद्दा आपल्याकडे अधिक लागू पडतो. जोखमीची ही मोजमापे अतिशय लहान अमेरिकी बाळांवर बेतलेली आहेत. निओऑब्समधल्या १२७ बाळांपैकी एक किलोखालची फक्त २७ टक्के होती, आणि २८ आठवड्यांआधी जन्मलेली १९ टक्के. म्हणजे आपल्यासारख्या देशांत बुरशी ज्यांना गाठते, त्यांतली बहुसंख्य बाळे त्या पद्धतीत 'जोखमीची' ठरलीच नसती. इथल्या बाळांसाठी वेगळी पद्धत हवी, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. ती कुठल्या आकड्यांवर उभी करायची, याचे उत्तर नाही.

रक्तात बुरशी सापडल्यानंतर काय करायचे यावर मात्र फारसा वाद नाही. अमेरिकी मार्गदर्शिका २०१६ पासून सांगते, की कॅन्डिडा सापडलेल्या प्रत्येक नवजातात पाठीचे पाणी आणि डोळ्यांचा पडदा तपासावा, आणि कल्चर होकारार्थीच येत राहिले तर मूत्रपिंड, यकृत, प्लीहा यांचे चित्रण करावे. कॅन्डिडा रक्तात दिसली की तिला 'बाहेरून मिसळलेली' म्हणू नये, हेही ठरून गेले आहे. दुर्मीळ जातींबाबत तेवढी खात्री नाही. नळीतून घेतलेल्या एकाच नमुन्यात रोडोटोरुला आली आणि बाळ ठणठणीत असेल, तर ती नळीवरची पाहुणी की रक्तातला शत्रू? दुसऱ्या शिरेतून पुन्हा नमुना घेणे हा सल्ला बरोबर आहे. पण थेंबांचा हिशेब वर मांडलाच आहे.

एका बाळाचे निदान, एका कक्षाचे निदान

दुर्मीळ बुरशीचा एक रुग्ण योगायोग असू शकतो, एकाच कक्षात दुसरा आला की तो बहुधा योगायोग नसतो. दिल्लीच्या एका नवजात कक्षात सप्टेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात दहा बाळांच्या रक्तात लॉडेरोमायसिस एलाँगिस्पोरस सापडली. शोध घेतला तेव्हा ती बाळ ठेवतात त्या वॉर्मरच्या कठड्यावर आणि दुसऱ्या वॉर्मरच्या तापमान दाखवणाऱ्या पट्टीवर मिळाली. संपूर्ण जनुकसंच वाचल्यामुळे बाळांतल्या आणि वॉर्मरवरच्या वाणांची तुलना करता आली. चंडीगडला कोडामिया ओमेरीचा मोठा समूहही असाच जातीचे नाव पक्के केल्यावर दिसला. अशा ठिकाणी निदानाचा अर्थ बदलतो. पहिल्या बाळासाठी नाव उशिरा आले तरी दहाव्या बाळासाठी ते वेळेत असते. म्हणून काही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा आग्रह आहे, की वैयक्तिक उपचार बदलणार नसला तरीही रक्तातले प्रत्येक यीस्ट जातीपर्यंत ओळखावे. खर्चाकडे पाहणारे प्रशासन विचारते, उपचार बदलणार नसेल तर कशासाठी?

भारतात या आग्रहाला आधार देणारी काही व्यवस्था आहे. चंडीगडच्याच संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि देशभरातून तिथे नमुने जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये ऑरिसबद्दल रुग्णालयांना सूचना काढली. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू कक्षांपासून अशा केंद्रापर्यंतची साखळी मात्र सलग नाही. अनेक ठिकाणी रक्ताचे स्वयंचलित कल्चर हीच पहिली अडलेली पायरी असते. तिथे माल्डी-टॉफची चर्चा करणे अवेळी ठरते.

जे सुटलेले नाही

सर्वात वरचा प्रश्न औषधांच्या मोजमापाचा. बुरशी औषधाला दाद देते की नाही हे ठरवणाऱ्या रेघा कॅन्डिडाच्या नेहमीच्या जातींसाठी ठरल्या आहेत. कोडामिया, विकरहॅमोमायसिस, लॉडेरोमायसिस यांच्यासाठी त्या नाहीत. प्रयोगशाळा आकडा देते, त्याचा अर्थ लावायला डॉक्टरकडे परिमाण नसते. नवजातांत औषधाची मात्राही वेगळी, म्हणजे अनिश्चितता दुहेरी.

दुसरा प्रश्न नावांचा. एकाच बुरशीची पूर्वीची दोन-दोन नावे बंद करून एकच ठेवण्याचा निर्णय २०११ नंतर अमलात आला आणि यीस्टची नावे झपाट्याने बदलली. ग्लॅब्राटा आता नाकासिओमायसिस आहे, ऑरिस २०२४ मध्ये कॅन्डिडोझायमा झाली. वर्गीकरण सुधारले, पण १९८६ चा लिव्हरपूलचा लेख, १९९६ नंतरचा चंडीगडचा उद्रेक आणि आजचा अहवाल तीन वेगवेगळ्या नावांनी छापलेले असल्यामुळे जुना अनुभव शोधणाऱ्या डॉक्टरला ते एकत्र सापडत नाहीत. काही तज्ज्ञ म्हणतात, अहवालात दोन्ही नावे काही वर्षे लिहावीत. काहींना त्यात गोंधळ लांबवल्यासारखे वाटते.

तिसरा प्रश्न किती या साध्या शब्दाचा. ज्या कक्षात जातीपर्यंत ओळख होत नाही तिथून दुर्मीळ बुरशीची नोंद येत नाही, आणि जिथे होते तिथूनच नोंदी येत राहतात. त्यामुळे चंडीगड आणि दिल्ली नकाशावर ठळक दिसतात. या बुरशी तिथेच अधिक आहेत म्हणून, की तिथे त्या शोधल्या जातात म्हणून, हे आजच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. त्यासाठी मोठ्या संशोधन संस्थांबाहेरच्या नवजात कक्षांतून, ठरवून निवडलेल्या, सलग काळातल्या रक्तातील सर्व यीस्टचे नमुने एका जागी ओळखावे लागतील.